स्कॉट्सडेलचा वाळवंटी स्टेडियम कोर्स: कुठल्या होलवर काय खेळायचं?

पुणेकर_पटर

नमस्कार मंडळी,

जानेवारीत महिनाभर धाकट्या भावाकडे अ‍ॅरिझोनात चँडलरला येतोय. त्याने हौसेने टीपीसी स्कॉट्सडेलच्या स्टेडियम कोर्सचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) घेऊन ठेवलाय, प्रो लोकांची फिनिक्स ओपन स्पर्धा होते तोच गोल्फ कोर्स. पब्लिक आहे, पैसे भरले की आपल्यासारख्यांनाही खेळता येतं हे ऐकूनच फार आनंद झाला.

मी येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर खेळतो, हँडिकॅप १९, म्हणजे पारपेक्षा (ठरलेल्या अपेक्षित फटक्यांपेक्षा) साधारण १९ जास्त. ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) चांगला बसला तर २१० यार्ड, आणि बॉल उजवीकडे वळतो, स्लाइस जुनाच आहे. आपल्याकडे बॉल वाकडा गेला की झाडाखाली जातो, तिथून पंच (खालून जाणारा छोटा फटका) मारून बाहेर यायचं एवढं जमतं. पण वाळवंटात गेलेला बॉल कसा खेळायचा, तिथे नियम काय, कुठल्या होलवर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) काढायचा आणि कुठे नाही, याचा काही अंदाज नाही. त्या बाजूला राहणाऱ्यांनी किंवा खेळून आलेल्यांनी सविस्तर सांगा. खास करून शेवटचे चार होल, कारण टीव्हीवर तेच बघितलेत.

---

सोनोरन_सदा

पुणेकर, या या, जानेवारी म्हणजे इथला सगळ्यात छान महिना. मी याच भागात राहतो, हा कोर्स माझा आवडता आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी हा कोर्स असा का आहे ते बघा म्हणजे खेळायचं कसं ते आपोआप कळेल. अ‍ॅरिझोनात १९८० साली भूजलाचा कायदा आला आणि नवीन गोल्फ कोर्सने किती हिरवळीला पाणी घालायचं यावर बंधनं आली. मग डिझायनर लोकांनी काय केलं, तर लागेल तेवढंच गवत ठेवलं, टी बॉक्स (जिथून पहिला फटका मारतात), फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा), ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत) आणि मधली सगळी जागा जशीच्या तशी वाळवंट. स्टेडियम कोर्स टॉम वाइसकॉफ आणि जे मॉरिश यांनी केला, १९८६ मध्ये उघडला, १९८७ पासून फिनिक्स ओपन इथेच होते. २०१४ मध्ये वाइसकॉफनेच त्याची मोठी दुरुस्ती केली, बंकर (वाळूचे खड्डे) हलवले, ग्रीन नवीन केले. पार ७१, प्रो लोकांच्या टीवरून साधारण ७२६० यार्ड.

आता यातून तुमच्या कामाची गोष्ट. आपल्याकडे फेअरवे चुकला तर रफ (उंच गवत) मिळतो, रफ चुकला तर झाड मिळतं, म्हणजे जितका वाकडा शॉट तितकी शिक्षा वाढत जाते. इथे तसं नाही. गवताची कड संपली की लगेच कडक जमीन, खडी, झुडपं, निवडुंग. कडेपासून दोन फूट बाहेर गेलेला बॉल आणि तीस यार्ड बाहेर गेलेला बॉल, दोघांची गत सारखीच होऊ शकते. म्हणून क्लब निवडताना "याने किती लांब जातो" हा प्रश्नच सोडा. "या क्लबने माझा सगळ्यात डावीकडचा बॉल आणि सगळ्यात उजवीकडचा बॉल, दोन्ही गवतात राहतील का" हे विचारा. हो असेल तर तो क्लब. ड्रायव्हरने नाही होत, तर ५ वुड. त्याने नाही, तर हायब्रिड. माझ्या मते १९ हँडिकॅपला या कोर्सवर चार-पाच होल सोडले तर ड्रायव्हरची गरज नाही, अर्थात टी बॉक्स नीट निवडला तर. मागच्या टीवरून खेळायचा मोह धरू नका, भाऊ आग्रह करेल तरी.

अजून एक. लोक म्हणतात वाळवंटात बॉल लांब जातो. स्कॉट्सडेलचा हा भाग समुद्रसपाटीपासून साधारण १५०० फूट आहे आणि पुणं त्याहून थोडं उंचच, म्हणजे उंचीचा फायदा तुम्ही घरीच घेताय. उलट जानेवारीत सकाळी ५-६ डिग्री असतं, गारठलेला बॉल कमी जातो, कधी ग्रीनवर दव गोठलेलं असतं आणि सुरुवातच उशिरा करतात. शक्य असेल तर दहा-साडेदहाचा टी टाइम घ्या. सकाळचे पहिले काही होल एक क्लब जास्त घ्या.

होलवार उद्या लिहितो, आत्ता ऑफिस.

---

नियमवाले_नाना

सदा यांनी पाया छान घातलाय. मी नियमांचं सांगतो कारण वाळवंटात निम्मे मार्क नियमातच जातात.

पहिली गोष्ट, ती वाळू दिसते म्हणून तो बंकर नाही. वाळवंट हा सर्वसाधारण भाग आहे, त्यामुळे क्लब जमिनीला टेकवता येतो, प्रॅक्टिस स्विंग करता येतो, सुटे दगड आणि काटक्या उचलता येतात. फक्त उचलताना बॉल हलला तर एक पेनल्टी (दंडाचा फटका), आणि जिवंत झुडपाची फांदी मोडायची नाही, वाकवून पायाखाली दाबायची नाही.

सुटा दगड किती मोठा असावा याला मर्यादा नाही हे याच कोर्सवर सगळ्या जगाने बघितलंय. १९९९ मध्ये तेराव्या होलला टायगर वुड्सचा ड्राइव्ह डावीकडे वाळवंटात गेला आणि बॉलच्या पुढ्यात हजार पौंडांच्या आसपासचा धोंडा. रेफ्रीने तपासलं, धोंडा जमिनीत रुतलेला नाही, म्हणजे सुटा. मग प्रेक्षकांनी जोर लावून तो लोटला आणि टायगरने बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली. लोकांची मदत घेणंही चालतं. आपल्यामागे एवढी गर्दी नसते, पण नियम तोच, भावाला हाक मारा.

दुसरं, प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव बॉल. बॉल वाळवंटात गेला आणि सापडायची खात्री नाही तर तिथेच टीवरून "प्रोव्हिजनल खेळतोय" असं तोंडाने सांगून दुसरा मारा. शोधायला फक्त तीन मिनिटं. पण पहिला बॉल सापडला तर तोच खेळावा लागतो, लाय (बॉल पडलेली जागा) कितीही वाईट असली तरी. मग अनप्लेएबल (बॉल खेळण्याजोगा नाही असं जाहीर करून) घ्या, एक पेनल्टी.

तिसरं, साप किंवा मधमाश्या असतील तर दंड न भरता सुरक्षित जागी ड्रॉप (बॉल हातातून खाली सोडून खेळायची मुभा) मिळतो. काटेरी झाडाला ही सवलत नाही. निवडुंगात बॉल गेला तर अनप्लेएबलच.

आणि हो, स्कोअरकार्डच्या मागची बाजू वाचा. तिकडे बऱ्याच कोर्सवर रोजच्या खेळाडूंसाठी वाळवंटाला लाल खुंट्यांच्या पेनल्टी एरियासारखं (एक दंड भरून बाजूला ड्रॉप मिळतो अशी जागा) धरायची मुभा छापलेली असते. असेल तर तुमचं काम निम्म्याने सोपं.

---

पुणेकर_पटर

नानासाहेब, मनापासून आभार. एक शंका. अनप्लेएबल घेतला की दोन क्लब लांबीच्या आत ड्रॉप. पण दोन क्लब अंतरावरही वाळवंटच असेल तर? म्हणजे एक पेनल्टी भरून परत खडीतच?

---

नियमवाले_नाना

बरोबर पकडलंत, तोच सापळा आहे. पर्याय तीन: दोन क्लब बाजूला, किंवा होल आणि बॉल यांच्या सरळ रेषेत हवं तेवढं मागे, किंवा आधीच्या जागेवर परत. मागे जाताना बहुतेक वेळा वाळवंट अजून खोल होत जातं, त्यामुळे तो पर्याय इथे फारसा उपयोगाचा नाही. बॉलजवळ गेलात की आधी दोन क्लब मोजून बघा गवत लागतं का. लागत नसेल आणि टी जवळ असेल तर सरळ परत जा. खडीतून हिरोगिरी करून दोन-तीन शॉट घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

---

मेसाची_माई

वाचतेय, छान चाललाय धागा. मी पुढच्या टीवरून खेळते, स्कोअर नव्वदीच्या घरात, आणि वाळवंटातच शिकले, म्हणून थोडं बॅगेबद्दल.

एक स्वस्तातला कंगवा ठेवा. चोया नावाचा निवडुंग असतो, लांबून लोकरीसारखा मऊ दिसतो, त्याचे तुकडे जमिनीवर पडलेले असतात आणि नुसता पाय घासला तरी बुटाला, पँटला चिकटतात. काट्यांना उलटे हूक असतात, हाताने ओढायला गेलात तर बोटात रुततात आणि मग दोन्हीकडून अडकता. कंगव्याचे दात तुकडा आणि कापड यांच्यामधे घालायचे आणि झटक्यात स्वतःपासून लांब उडवायचा, उडतो कुठे त्याकडे लक्ष ठेवून. मागे भाऊ उभा नाही ना ते बघा.

जानेवारीत साप सहसा दिसत नाहीत, तरी बिळात किंवा झुडपाखाली हात घालू नका, क्लबने ओढा बॉल. आणि उंच हात वर केलेले सग्वारो दिसतील, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यात रुतलेला बॉल काढायला खोडाला टोचाटोची करायची नाही.

एक जुना वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब) बरोबर आणा. खडीवरून मारताना क्लबचा तळ खरवडून निघतो, नवीन सेट असेल तर जीव तुटतो.

---

सोनोरन_सदा

माई, कंगव्याला +१००.

खडीवरचा शॉट कसा ते सांगतो, कारण हा एकच शॉट यायच्या आधी शिकून ठेवण्यासारखा आहे. वर रव्याएवढी बारीक खडी, खाली सिमेंटसारखी जमीन. क्लब बॉलच्या मागे अर्धा इंच पडला तरी उसळतो आणि बॉलच्या पोटात धार लागते, मग बॉल जमिनीलगत सुसाट पलीकडच्या वाळवंटात. म्हणून बॉल उजव्या पायाकडे, वजन आधीपासून डाव्या पायावर आणि शॉटभर तिथेच, हात बॉलच्या पुढे, क्लब एक बोट खाली धरलेला, आणि मागचा स्विंग कमरेपर्यंतच. आधी बॉल, मग जमीन. लक्ष्य फ्लॅग नाही, जवळचं गवत. सँड वेज नको, त्याचा तळ जाड असतो तो उसळतो, ८ किंवा ९ आयर्न घ्या. पुण्यात सराव करायचा तर ड्रायव्हिंग रेंजच्या कडेला जिथे गवत उडून नुसती माती घट्ट झालेली असते तिथे करा.

आता होल. पहिले नऊ होल मुख्यत्वे वाळवंटाशी सामना आहे, तिथे वर सांगितलेला क्लबाचा नियम पाळला तर निभावतं. तिसरा पार ५ आहे, तीन शॉटमधे आरामात जा. पाचवा आणि आठवा लांबलचक पार ४, हे तुम्ही मनातल्या मनात पार ५ समजूनच खेळा, हँडिकॅपचा स्ट्रोक त्यासाठीच मिळतो.

खरा कोर्स अकरापासून. आणि इथे तुमच्या स्लाइसबद्दल महत्त्वाचं आहे, नीट वाचा. ११, १५, १७, १८, या चारही होलला पाणी डावीकडे आहे. स्लाइसवाल्याला वाटतं मस्त, माझा बॉल तर उजवीकडे जातो. पण स्लाइसवाला माणूस सवयीने डावीकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे पाण्यावर निशाणा धरून, बॉल वळून परत येईल या भरवशावर. आणि नेमका त्या दिवशी बॉल सरळ जातो. डावीकडे निशाणा धरला तर सरळ शॉट पाण्यात, मधे धरला तर नेहमीचा शॉट वाळवंटात. ड्रायव्हर हातात असेपर्यंत यातून सुटका नाही. हायब्रिडने तुमचा बॉल किती वळतो? दहा यार्ड? मग फेअरवेच्या डाव्या कडेवर नाही, मध्याच्या थोडं डावीकडे निशाणा, सरळ गेला तरी गवत, वळला तरी गवत.

अकरावा, प्रो टीवरून ४७२ यार्ड, पूर्ण डावीकडे तळं, उजवीकडे वाळवंट. हायब्रिड, हायब्रिड, वेज. बोगी (पारपेक्षा एक जास्त) घ्या आणि खुशीत पुढे चला.

बारावा पार ३, हा एकच होल तुमच्या स्लाइसच्या विरोधात आहे, पाणी उजवीकडे आणि पुढे. फ्लॅग उजवीकडे असेल तर त्याच्याकडे बघूसुद्धा नका. ग्रीनची डावी कड, आणि एक क्लब जास्त.

तेराव्याला दोन फेअरवे आहेत, मधे वाळवंटाचा पट्टा, टीवर उभं राहून ज्या बाजूला जास्त गवत दिसतं ती घ्या. चौदावा लांब, २०१४ च्या दुरुस्तीत अजून लांब झाला, ४९० यार्डांचा पार ४. प्रो लोकही इथे पारवर खूश असतात.

पंधरावा ५५३ यार्ड पार ५, ग्रीनला जवळजवळ सगळीकडून पाणी. टीव्हीवर दोनात मारतात. तुम्ही तिसऱ्या शॉटला तुमचं सगळ्यात लाडकं अंतर उरेल असा दुसरा शॉट मारा, नव्वद असेल तर नव्वद. शक्य तेवढं पुढे ढकलायचं नाही. चाळीस यार्डांवरून पाण्यापलीकडे अर्धवट वेज मारणं हे पूर्ण वेजपेक्षा कितीतरी अवघड.

---

फ्रीमाँटकर

सदाभाऊ, बाकी सगळं मान्य पण तुम्ही माणसाला फारच घाबरवून टाकताय. मी दरवर्षी कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून तिकडे जातो, हँडिकॅप ७. सतरावा पार ४ आहे, ३३२ यार्ड, आणि पुढच्या टीवरून अजून कमी. अशा होलवर मागे कशाला राहायचं? जितकं ग्रीनच्या जवळ जाल तितका सरासरी स्कोअर कमी होतो हे आकडेवारीने सिद्ध झालंय. आणि पार ४ वर होल-इन-वन (पहिल्याच फटक्यात बॉल होलमधे) झालेला पीजीए टूरवरचा (प्रो स्पर्धांची मालिका) हाच एकमेव होल, अँड्र्यू मॅगी, २००१. आयुष्यात एकदा येणाऱ्या माणसाने तिथे हायब्रिड मारायची?

---

सोनोरन_सदा

फ्रीमाँटकर, मॅगीचा किस्सा पूर्ण सांगा की. पुढचा ग्रुप ग्रीनवर पटिंग करत होता, याचा बॉल तिथवर पोचला, टॉम बायरमच्या पटरला लागला आणि होलमधे गेला. त्यावर धोरण ठरवायचं का?

आकडेवारीचं तुमचं म्हणणं खरंय, पण ती ज्याचा ड्रायव्हर चाळीस-पन्नास यार्डांच्या पट्ट्यात पडतो त्याच्यासाठी. सतराव्याचं ग्रीन लांबट आहे, मागे अरुंद होत जातं, डावीकडे पाणी आणि मागेही पाणी. २०१६ ला रिकी फाउलर दोन शॉटने पुढे असताना इथे ड्रायव्हर मारला, तो ग्रीनवरून निघून मागच्या पाण्यात. प्लेऑफ (बरोबरीनंतरचे जादा होल) झाला, चौथ्या होलला परत सतरावाच आला, या वेळी ३ वुड, डावीकडे पाण्यात, आणि समोरचा माट्सुयामा जिंकला. २०२२ ला साहित थिगाला, आपला भारतीय वंशाचा पोरगा, शेवटच्या दिवशी आघाडीला होता, सतराव्याला ड्राइव्ह वाईट नव्हता हो, टप्पा डावीकडे पडला आणि घरंगळत पाण्यात. एका शॉटने प्लेऑफ हुकला. बघताना माझ्या घरात कोणी बोलत नव्हतं. या लोकांची ही गत तर २१० यार्ड मारणाऱ्याला तिथे ड्रायव्हरने मिळणार काय, ग्रीन तर गाठणार नाहीच, उरणार साठ-सत्तर यार्ड.

---

फ्रीमाँटकर

थिगालाचं आठवून अजून वाईट वाटतं. ठीक आहे, २१० वाल्यासाठी तुमचं बरोबर. पण ज्याचा कॅरी (बॉलचं हवेतलं अंतर) २५० आहे आणि बॉल उजवीकडे वळतो त्याने ड्रायव्हर मारावा, ग्रीनच्या उजव्या बाजूला निशाणा धरून, यावर मी ठाम आहे. तिथून चिप (ग्रीनलगतचा छोटा फटका) करताना पाणी समोर दिसतं हे मात्र खरं, तेव्हा चिप छोटीच ठेवायची.

---

सोनोरन_सदा

हे मान्य.

---

नियमवाले_नाना

फाउलरचं नाव निघालंच आहे तर अकराव्याचा प्रसंग सांगतो, खेळणाऱ्याच्या कामाचा आहे. २०१९, शेवटचा दिवस, पाऊस. अकराव्याला त्याची चिप ग्रीनवरून सरकत पाण्यात गेली. पेनल्टी घेऊन उतारावर ड्रॉप केला, बॉल थांबेना म्हणून नियमाप्रमाणे हाताने ठेवला. बॉल थांबला. तो ग्रीन बघायला वर चढला आणि मागे बॉल आपोआप सुटून परत पाण्यात. त्याने हातही लावला नव्हता तरी अजून एक पेनल्टी, होलवर ७. तरीही स्पर्धा तोच जिंकला, दोन शॉटने.

२०२३ पासून नियम बदललाय. ड्रॉप केलेला किंवा ठेवलेला बॉल थांबल्यानंतर आपोआप घरंगळून पेनल्टी एरियात गेला तर तो परत जागेवर ठेवायचा, दंड नाही. या कोर्सवर पाण्याकडे उतार बरेच आहेत, लक्षात असू द्या.

---

पुणेकर_पटर

वाखु (वाचनखूण) साठवली! प्रिंट काढून बॅगेत ठेवणार. दोन गोष्टी राहिल्या: सोळाव्याचं काय, आणि ग्रीन कसे असतात?

---

मेसाची_माई

ग्रीनचं मी सांगते. उन्हाळी बर्म्युडा गवत थंडीत पिवळं पडतं म्हणून ऑक्टोबरच्या सुमारास त्यावर राय गवत पेरतात. त्यामुळे जानेवारीत सगळं गडद हिरवं आणि दाट असतं, ग्रीनच्या बाहेरचा काठ चिकट असतो. काठावरून पटर घेण्याऐवजी छोटी चिप बरी. उताराचं म्हणाल तर इथले जुने लोक सांगतात की डोंगराकडून शहराकडे बॉल वळतो, उत्तरेला पिनॅकल पीक दिसतो तो धरून अंदाज घ्यायचा. नजरेला सपाट वाटणाऱ्या पटला मी हे बघतेच.

सोळाव्याला थोडा वेळ काढा, फोटो काढा, मागच्या ग्रुपला आधी पुढे जायचं असेल तर जाऊ द्या.

---

सोनोरन_सदा

सोळावा पार ३, प्रो टीवरून १६३ यार्ड. स्पर्धा फेब्रुवारीत असते त्यामुळे जानेवारीत तुम्हाला स्टँड उभे सापडतील, चहूबाजूंनी मजले चढलेले, स्पर्धेत तिथे वीसेक हजार माणूस बसतं. १९९७ ला टायगरने ९ आयर्नने इथे होल-इन-वन केला. पाणी नाही, तसा सोपा होल आहे, पण एक खरीखुरी अडचण: स्टँड वारा अडवतात. खाली टीवर काही जाणवत नाही आणि बॉल वर गेला की वारा लागतो. टीवरचं गवत उडवून बघण्यात अर्थ नाही, पंधराव्याच्या ग्रीनवर वारा कुठून होता ते लक्षात ठेवून या. दोन्ही बाजूंना खोल बंकर, म्हणून मधोमध. ग्रीनच्या मध्याचं अंतर घ्या, फ्लॅगचं नको.

अठरावा ४४२, टीसमोर डावीकडे तळं, प्रो ते ओलांडून मारतात. तुम्ही उजवीकडून या. ५ वुड, उजव्या अर्ध्या फेअरवेवर, इथे स्लाइस थोडा जास्त वळला तरी एक वेळ वाळवंट परवडलं, कारण पाण्यात गेल्यावर ड्रॉप बराच मागे मिळतो. दुसरा शॉट ग्रीनच्या अलीकडे शंभर यार्डांवर थांबवा, मग वेज.

टी टाइमची तारीख पक्की झाली की इथेच कळवा. भाऊ धरून दोघे असाल तर तिसरा मी येतो, माई जमत असेल तर चौकडी पूर्ण होईल.

---

मेसाची_माई

शनिवार सोडून कधीही. कंगवे मी आणते.